बाळ मी कोणाच्या हातात दिलं?

दारावरची लिंबू-मिरची काढून तिचा ठेचा करून खाणारी बाई आहे मी. आई ओरडायची, मी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडायची. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, त्यामुळे हे लिहिताना माझाच हात अडखळतोय... पण महिने उलटले तरी डोक्यातून जात नाही.

वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं सरकारी रुग्णालय. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांची काही चूक नव्हती. माझी धाकटी बहीण वर्षा तिथे बाळंत झाली. आधी दोनदा गर्भ पडलेला, आणि आता हा मुलगा. आमचं माहेर किन्हीराजा, तिचं सासर शेलूबाजार. दुपारी भेटायच्या वेळेत दोन्हीकडून जीप भरून माणसं आली.

नियम असा की एका पेशंटला एक पास, एक माणूस. बाळंतिणींच्या वॉर्डात तर जास्तच कडक — लेकरं चोरीला जातात, दुसरं काय. गेटवरचे गार्ड सलीमभाई हे परोपरीने समजावत होते. पण आमची काकी ऐकते होय! “आमी काय चोर आहो का भाऊ? सारे घरचेच तं आहोत,” म्हणत ती आत शिरली आणि मागून अख्खी वरात. सलीमभाईंनी हात टेकले. मी तेव्हा हसले होते, हे आठवलं की आता लाज वाटते.

आत डबे उघडले, एकच गलका. वर्षाला टाके बघायला नर्सने शेजारच्या खोलीत नेलं. बाळ माझ्या मांडीवर होतं. काकीने माझ्यापुढे ताट सरकवलं, आणि तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली एक म्हातारी उठून आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू.

“दे वं बाई, मी धरतो. तू खाय दोन घास.”

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाने लेकरू मागितलं तर “तुम्ही कोण?” असं विचारत नाहीत. सोयऱ्यांच्या देखत तर नाहीच, जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. सासरची कोणी आजी असेल समजून मी तिच्या पाया पडले आणि बाळ तिच्या हातात दिलं. काकीशी बोलत जेवायला लागले.

वर्षा परत आली. “ताई, बाळ कोनापाशी हाय?”

मी खिडकीकडे हात केला. तिथे कोणी नव्हतं.

वर्षाच्या सासूबाई काकीला म्हणाल्या, “ते बुढी तुमच्याकडचीच होय ना?”

काकीच्या हातातली वाटी तशीच राहिली. “आमची कायची? आमी तं तुमची समजून राह्यलो होतो.”

सलीमभाईंनी गेट लावून घेतलं. या गेटातून एकही लेकरू बाहेर गेलं नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पलंगांखाली, पिशव्यांत, संडासात, जीपमध्ये... सगळीकडे शोधलं. वर्षा पलंगाची कड धरून उभी होती, रडतही नव्हती. ते बघवत नव्हतं. मी वेड्यासारखी व्हरांड्यात या टोकाहून त्या टोकाला पळत होते.

मग लसीकरणाच्या खोलीतून कुरकुर ऐकू आली. खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली नर्सच्या कमरेला. तिने ते उघडलं. बाळ वजनकाट्यावर होतं, दुपट्यात नीट गुंडाळलेलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

इथे थांबलं असतं तरी मी काहीतरी समजूत काढली असती. पण डॉक्टरांनी कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. वॉर्डाच्या दारावर कॅमेरा आहे. त्यात म्हातारी आत येताना दिसत नाही, बाहेर जाताना दिसत नाही. बाळाला छातीशी धरून बाहेर जाताना दिसते ती मी. थोड्या वेळाने मीच परत येते — रिकाम्या हातांनी, ओढणीला हात पुसत.

काकी लेकरांची शपथ घेऊन सांगते की मी तिच्या शेजारून हललेच नाही. म्हातारी तर सासूबाईंनीही पाहिली, आणखी दोघींनी पाहिली. डॉक्टर म्हणाले, कॅमेऱ्यात बिघाड असेल, तुम्हाला जागरण झालं असेल. असेल. पण मग कुलूप कोणी उघडलं?

घरात मला कोणी बोल लावला नाही. बारशाला मी बाळाला घ्यायला हात पुढे केले तेव्हा वर्षा फक्त एवढंच म्हणाली, “तुह्यावर भरोसा हाय मले, ताई. पन माहं मन नाही मानत.”

आता तो रांगतो. मी गेले की माझ्या पायाशी येतो, घ्या म्हणून हात वर करतो. आणि मीच माझे हात मागे घेते. वर्षाला वाटतं, मी अजून रुसलेय. रुसले नाही गं... त्याला उचलल्यावर मी त्याला कुठे नेईन, हे मलाच माहीत नाही.