हँडल कोणी मारायचं?

माझ्या भावाला आणि त्याच्या दोन दोस्तांना मोटारीचं इतकं वेड होतं की शेवटी तिच्याबद्दल बोलायचीच त्यांच्यावर बंदी आली. बंदीही त्यांनीच घालून घेतलेली. दादा अमरावतीला वकील. दुसरे डॉक्टर, पुण्याकडून येऊन इथेच रमलेले. तिसरे वलगावचे, संत्र्याचे बागवाले. रविवारी आमच्या अंगणात तिघं जमले की चहापासून जेवणापर्यंत नुसते टायर आणि कार्ब्युरेटर. वहिनी एकदा भडकली, "त्या मोटारीलाच सांगा आता स्वयंपाक करायला!" तेव्हा तिघांनी नियम केला: गप्पांत जो मोटारीचं नाव काढील, त्याने हँडल मारायचं.

आमची मोटार सुरू करायची म्हणजे पुढून हँडल, म्हणजे लोखंडी दांडा, घालून जिवाच्या कराराने फिरवावा लागे. दांडा उलटा फिरला की मनगट गेलंच. डॉक्टर एकदा पंधरा दिवस हात गळ्यात बांधून रोगी तपासत होते. त्यामुळे नियम मात्र कडक पाळला जाई.

मला अकोल्याच्या मुलींच्या शाळेतून बोलावणं आलं ते याच दिवसांत. नवरा गेल्यावर मी दादाकडे राहत होते. मास्तरणीचं शिक्षण घेतलं होतं. वहिनी चांगली, दादा तर फारच चांगला; पण चांगल्या माणसांच्या घरीसुद्धा आयुष्यभर पाहुण्यासारखं कसं राहायचं? मला ती नोकरी हवी होती. अगदी हवीच होती. दुपारी बाराला शाळेत कमिटीपुढे मुलाखतीला हजर व्हायचं होतं.

मी म्हटलं, आगगाडीने जाते. "घरी मोटार असताना?" दादा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" आणि सोबतीला दोन्ही दोस्त घेतले. मी कपाळावर हात मारला.

बडनेरा सोडलं नाही तोच वांग्याच्या भरितावरून जुंपली. बागवाले म्हणाले, "भरीत पऱ्हाटीवरच भाजा लागते. कापसाच्या काड्यांची आच काही औरच." दादा तुरीच्या काड्यांच्या, तुराट्यांच्या बाजूने, कोर्टात उभा असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले की आमच्याकडे कोळशावर भाजतात. त्यावर बागवाल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बिचाऱ्यांच्या घरी कोणी गेलंय.

मूर्तिजापूरच्या अलीकडे मोटारीच्या नाकातून वाफ निघायला लागली. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. वाटलं, तीन तीन जाणकार बसलेत, वाफेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणजे असंच असेल. वाफ वाढली. डॉक्टर एकदम मोठ्याने वांग्यातल्या बियांवर बोलू लागले. बागवाले खिडकीबाहेर बघत बसले. दादाच्या कपाळावर घाम. मग खडखड झाली आणि मोटार रस्त्यातच उभी राहिली.

आणि तरीही, देवाशप्पथ सांगते, एकही जण त्याबद्दल बोलेना! बंद मोटारीत बसून दादा म्हणतो, "हिरवी मिरची की लाल?"

माझा तोल सुटला. "अरे, मोटार बंद पडलीये! दिसत नाही का कोणाला?"

तिघांचे चेहरे असे खुलले! "ताईनं नाव काढलं!" बागवाले टाळी देत ओरडले. "तुमीच आता हँडल मारा ताई. मी कवापासून पाहून राह्यलो, पाणी आटलं हाय म्हणून!"

"मग बोलला का नाहीत?"

"मनगट एकच हाय ना मले कामाचं."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणलं, इंजिन निवेपर्यंत थांबलो, पाणी घातलं. तोवर तिघंही वरमले होते. दादा तर दांडा घेऊन पुढे झालासुद्धा. पण मीच तो हिसकावून घेतला. राग कुठेतरी काढायलाच हवा होता. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव," दादा कळवळून म्हणाला. पदर खोचला आणि फिरवला. तिसऱ्या झटक्याला मोटार फुरफुरली. हात कोपरापर्यंत काळे झाले.

शाळेत पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. कमिटीची मंडळी कंटाळून उठून गेली होती. ऑफिसात मोठ्या बाई एकट्याच. "उशीर का?" त्यांनी विचारलं. खोटं सुचेना, म्हणून सगळं खरं सांगितलं. नियम, भरीत, वाफ, दांडा. सांगता सांगता मला रडू यायला लागलं आणि त्यांना हसू आवरेना.

"चौथीच्या बाई आज आल्या नाहीत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "जा, वर्ग घ्या. मी मागे बसते."

मुली माझ्या हातांकडेच बघत होत्या. मग मी त्यांना पाणी उकळतं कसं, वाफ जाते कुठे, पाणी आटल्यावर काय होतं, तेच शिकवलं. तास कधी संपला कळलंही नाही.

"उद्यापासून या. कमिटीला मी सांगते," मोठ्या बाई म्हणाल्या. "जठारपेठेत माझ्या घरी एक खोली रिकामी आहे. वाटलं तर आजच राहा."

बाहेर कडुलिंबाखाली तिघं उभे होते. मी म्हटलं, "दादा, नोकरी मिळाली. उद्या सकाळी वर्ग आहे, मी इथेच राहते. वहिनीला माझी पेटी पाठवायला सांग."

बागवाले टोपी काढून डोकं खाजवू लागले. दादाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"अगं, पण मग घरी माझ्यावर ओरडणार कोण?" तो म्हणाला.

"पत्रातून ओरडीन," मी म्हटलं, आणि दादाच्या स्वच्छ कोटाला माझे काळे हात लागतील याचं भान न राहता त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.