गणपत मास्तरांचा शुक्रवार

गणपत मास्तर इंग्रजी डोळे मिटून वाचत. ‘वाचत’ हा शब्द त्यांचाच. भिंतीला टेकून मांडी घालायचे, डोळे गच्च मिटायचे आणि समोर पुस्तक नसताना उजव्या हाताचं बोट मांडीवरून ओळीओळीने सरकवत अख्खा धडा म्हणून दाखवायचे. पान संपलं की बोटाला थुंकी लावून ते नसलेलं पान उलटायचेसुद्धा. चौसाळ्याच्या शाळेत मी दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी हा प्रकार पाहिला आणि हसू दाबायला पडवीत जाऊन उभा राहिलो. मास्तर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे होते. अंगाने काटकुळे, रंगाने रापलेले, आणि डोक्यावर एक विटकी फेज टोपी. ती टोपी त्यांच्या डोक्याला मोठी होत असे, म्हणून आत वर्तमानपत्राची घडी घातलेली असायची.

निजामाचं राज्य होतं. शाळेत गणितापासून भूगोलापर्यंत सगळं उर्दूत चालायचं आणि घरी जाऊन पोरं मराठीत रडायची. त्यात खात्याचा हुकूम आला की हंगामी मास्तरांपैकी जो येत्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर पास होणार नाही, त्याची जागा रिकामी समजली जाईल. आम्ही दोघेही हंगामी. माझी ती पहिलीच खेप होती. मास्तर आधी दोनदा आपटले होते आणि ही त्यांची शेवटची संधी होती. माझं काय, नोकरी गेली असती तर वडिलांची शिवीगाळ ऐकत घरी बसलो असतो. मास्तरांना मात्र म्हातारी आई आणि ही शाळा एवढंच होतं. शाळा सुटली तर दिंद्रुडला चुलत्याच्या दुकानात गूळ जोखायचा, हे त्यांचं ठरलेलं भविष्य होतं आणि त्याचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

परीक्षेला नेमलेलं इंग्रजी वाचनाचं पुस्तक आमच्या पंचक्रोशीत कुणाकडे नव्हतं. ते होतं बीडला, एका वृद्ध वकीलसाहेबांकडे. त्यांचा मुलगा शिकत असताना प्लेगने गेला होता आणि पुस्तक त्याचं होतं. मास्तरांनी ते मागितलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, “किताब बच्चे की है, मास्टर. यहीं बैठ को पढ़ लेओ, घर के बाहर नक्को.” तेव्हापासून मास्तरांचा शिरस्ता ठरला. गुरुवारी अर्धी शाळा सुटली की पायी बीडची वाट धरायची. शुक्रवारी सुट्टी. सकाळी वकीलसाहेबांच्या ओसरीत बसून एक धडा पाठ करायचा आणि तो डोक्यात घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढून दिवेलागणीला चौसाळ्याला यायचं.

“उतरवून का आणत नाही?” मी विचारलं. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. “परीक्षेत कागद न्येऊ देत्यात का, माधवराव? मंग? कागदावर ठिवलं की डोस्कं रिकामं ऱ्हातंय.”

परतीच्या वाटेवर मास्तर कुणाशीही एक अक्षर बोलत नसत. कुणी रामराम घातला, कुणी गाडीत बसा म्हणालं, तर ते नुसता उजवा पंजा वर करीत आणि ओठ हलवत पुढे जात. घाटातल्या गुराख्यांपासून गाडीवाल्यांपर्यंत सगळ्यांना हे माहीत झालं होतं. शुक्रवारी मास्तरांना कुणी हटकायचं नाही. “बोललं की सांडतंय,” असं ते म्हणत. शाळेत पोचले की मी बोरू आणि दौत घेऊन तयार असायचो. ते डोळे मिटून सांगायचे आणि मी उतरवून घ्यायचो. ती वही माझ्यासाठी होती. सगळी पायपीट त्यांची आणि आयता धडा माझा! मला चालण्याचा कंटाळा होता आणि मास्तरांनी कधी ‘एखाद्या शुक्रवारी तुम्ही जा’ असं म्हटलं नाही.

धड्यातल्या शब्दांचे अर्थ आम्ही उर्दू कोशात शोधायचो आणि उर्दूतून मराठीत आणायचो. इतका फेरा झाल्यावर शब्दात काय शिल्लक राहत असेल ते देव जाणे. व्याकरणाला मास्तर भीत नसत. क्रियापदाचे काळ ते विहिरीवर पोहरा ओढता ओढता चालवून दाखवत. धड्यावरच्या प्रश्नोत्तरांचा त्यांना खरा नाद होता. वाटेत, जेवताना, कुठेही प्रश्न टाकायचे आणि वर बजावायचे, “पुऱ्या वाक्यात सांगा!” ही सवय इतकी अंगात मुरली की एकदा घरी त्यांनी आईला विचारलं, “भाकर झाली का?” ती म्हणाली, “झाली.” मास्तर नकळत बोलून गेले, “पुऱ्या वाक्यात.” म्हातारी चुलीपुढून म्हणाली, “माझ्या गणूची भाकर झाली हाय, आन् ती आता त्यानं गुमान गिळावी.” आम्ही दोघे पोट धरून हसलो. त्या घरातलं मला आठवणारं हसू एवढंच.

पुस्तकातला शेवटचा आणि सगळ्यात लांब धडा नावाड्याचा होता. परीक्षेत हाच येणार, असं मास्तरांना का कोण जाणे, पक्कं वाटत होतं. त्या शुक्रवारी ते तो आणायला गेले होते. दुपारी त्यांच्या शेजारची काशीबाई शाळेत धावत आली; मी शाळेतच राहत असे. मास्तरांच्या आईला सकाळपासून पटकीने धरलं होतं. मी जाऊन पाहिलं. हकीम येऊन गेले होते आणि जाताना दारातच त्यांनी मान हलवली होती. म्हातारीचे डोळे खोल गेले होते. “गणू आला का?” एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मास्तरांना घेऊन येतो असं सांगून मी निघालो. वाटेला लागून त्यांना गाठायला हवं होतं. पण ऊन फार होतं, आणि येतीलच आता, असं म्हणत मी वेशीतल्या लिंबाखाली बसून राहिलो.

मास्तर दिसले तेव्हा सूर्य कलला होता. टोपी घामाने भिजलेली, ओठ हलत होते. मी पुढे होऊन तोंड उघडलं आणि त्यांनी पंजा वर केला.

तीन शब्दांचं काम होतं. ‘आई चालली, मास्तर.’ मला ते म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, आणि का म्हटलं नाही ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. सांगितलं तर धडा सांडणार होता. परीक्षा तोंडावर होती, पुन्हा बीडला आणखी एक शुक्रवार घालवणं परवडणारं नव्हतं आणि मलाही पास व्हायचं होतं. घटकाभराने काय बिघडतंय, असं मनाला सांगत मी त्यांच्या मागून मुकाट्याने शाळेत गेलो आणि बोरू उचलला.

मास्तर सांगत होते आणि मी लिहीत होतो. वादळ सुटलेलं असतं. पैलतीरावरून कुणीतरी हाका मारतं. लोक म्हाताऱ्या नावाड्याला म्हणतात, जाऊ नकोस. तो नाव घालतो, त्या प्रवाशाला घेऊन येतो आणि कंदिलाच्या उजेडात बघतो तर तो त्याचाच परागंदा झालेला मुलगा. नावाडी आनंदाने रडतो. शेवटचं वाक्य संपलं तसे मास्तरांनी डोळे उघडले, हसले आणि म्हणाले, “न सांडता आणला बगा. हं, तुमी वेशीत काय म्हनत व्हता?”

मी सांगितलं. ते अनवाणी धावले. मी जोडे घेऊन मागून पोचलो तेव्हा काशीबाई दारात उभी होती. “आत्ताच गेली. दाराकडंच बघत व्हती,” ती म्हणाली. मास्तर आईच्या उशाशी बसले आणि स्वतःच्या उजव्या पंजाकडे बघत राहिले. मला स्वतःची किळस आली. पण मी तिथे लाकडं-गोवऱ्यांची धावपळ अशी केली की गावाने माझं कौतुक केलं.

मास्तर मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेरावा झाल्यावर शाळेत आले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, “चला, नावाड्याचा धडा.” बाकीचे धडे ते कुठे कुठे अडखळत. हा कधीच नाही. माझं उलटं झालं. वहीतलं ते पान उघडलं की मला काशीबाई दिसायची. सगळे धडे मी घोकले, हा एक मात्र पहिल्या परिच्छेदापुढे मला कधी वाचता आला नाही.

परीक्षा औरंगाबादेला होती. पेपर हातात पडला आणि उताऱ्याच्या जागी नावाड्याचा धडा! मास्तर माझ्या पुढे दोन रांगा सोडून बसले होते. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी डोळे मिटले. मला तर पाठ नव्हता, त्यामुळे झक मारत ओळीवर बोट ठेवून वाचावा लागला. निम्म्यावर आलो आणि तीच ओळ पुन्हा वाचली. पेपर काढणाऱ्याने, कुणी पाठ केलेलं ओकू नये म्हणून, पुढचं सगळं बदललं होतं. या उताऱ्यातला नावाडी हाक ऐकतो आणि वादळाला भिऊन घोंगडी ओढून पडून राहतो. सकाळी पैलतीरावर जातो, तिथे माणूस नसतो. नुसतं एक गाठोडं असतं आणि ते त्याच्या मुलाचं असतं. खाली शेवटचा प्रश्न होता : नावाडी का रडला?

मी मान वर केली. मास्तरांचा टाक भराभर चालला होता. मधेच थांबून ते डोळे मिटायचे, डावं बोट मांडीवरून सरकवायचे आणि पुन्हा लिहायचे. खाली ठेवलेल्या पेपरातले प्रश्न सोडले तर उताऱ्याकडे त्यांनी पुन्हा एकदाही बघितलं नाही. पहारेकरी माझ्याशेजारीच उभा होता. तो नसता तरी मी काय केलं असतं, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.

परतताना शहागडला गोदावरी नावेतून ओलांडली. मास्तर त्या दिवशी जितके बोलले तितके जन्मात बोलले नसतील. नाव वल्हवणाऱ्याला त्यांनी अख्खा धडा मराठीत सांगितला. “आन् मंग त्यो नावाडी लई रडला. कावून रडला, सांग बरं? पुऱ्या वाक्यात सांग!” तो बिचारा हसत राहिला. मग मास्तर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मायला कळलं असंल न्हवं, माधवराव? तिचा शेवटचा दिस वाया गेला न्हाई.” मी हो म्हणालो आणि पाण्याकडे तोंड फिरवलं. निकाल लागेपर्यंतचे ते दिवस मास्तर गावात नवी टोपी घालून हिंडले.

निकाल टपालाने आला. मी पास होतो. मास्तरांच्या जागी कोण येणार तेही त्याच लखोट्यात होतं. मास्तरांनी कागद दोनदा उलटून बघितला. “नजरचूक झाली आसंल. आपला धडा आलता की,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते सामान बांधून शाळेत आले आणि म्हणाले, “तुमी पेपर ठिवलाय न्हवं? वाचा.” ते भिंतीला टेकले, डोळे मिटले, बोट मांडीवर ठेवलं. मी वाचू लागलो. बदललेल्या वाक्याशी आलो तेव्हा बोट थांबलं आणि त्यांनी डोळे उघडले.

पेपर त्यांनी माझ्या हातातून घेतला. मग एकेका शब्दाखाली बोट धरून तो उतारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. उघड्या डोळ्यांनी अख्खा धडा वाचताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. पुष्कळ वेळ लागला. मग त्यांनी पेपराची घडी घातली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “नावाडी कावून रडला?”

मी वहीची पानं चाळू लागलो.

“सांगा की. तुमी तर पास झालाव. पुऱ्या वाक्यात सांगा.”

“हाक ऐकू येऊनही तो उठला नाही, म्हणून नावाडी रडला.”

“बराबर हाय,” मास्तर म्हणाले. “तुमी त्या दिशी सांगायला आलता. म्याच हात वर केला. तुमचा काय दोष?”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. त्या शुक्रवारी दुपारपासून मला आईचं माहीत होतं, धडा सांडू नये म्हणून मी तोंड मिटलं, औरंगाबादेच्या त्या दिवसापासून मला निकालही माहीत होता, हे सगळं. मी मान खाली घातली आणि त्यांनी सगळा दोष उचलून नेला तो नेऊ दिला.

ते दिंद्रुडकडे निघाले तसा मी वेशीपर्यंत गेलो. लिंबाखाली आलो आणि मला राहवेना. “मास्तर, मला तुम्हाला एक सांगायचंय,” मी म्हणालो. त्यांनी मागे न बघताच उजवा पंजा वर केला. मी दोन पावलं पुढे होऊन बघितलं. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. ते तो नवा उतारा पाठ करीत चालले होते. मी तिथेच थांबलो.