एळुमलैच्या शेजारची खुर्ची

एका तमिळ महानगरातल्या वेस्ट मांबलम भागात ज्या इमारतीत राजसबाई राहतात, तिथे त्यांना या नावाने कोणीच हाक मारत नाही. शेजारी ‘टीचर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘कॉन्व्हेंट मामी’. धाकटा भाऊ रघुराम ‘अक्का’ म्हणतो, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला शोळिंगनल्लूरला मुलीजवळ राहायला गेल्यापासून फोनवरच भेटतो. राजसबाई हे नाव तंजावरच्या मराठी घरातलं, आजीने ठेवलेलं. ते हाकेत वापरणारं शेवटचं माणूस म्हणजे सिस्टर इमेल्दा. आणि सिस्टर तर वसईच्या ख्रिस्ती घरातल्या.

राजसबाईंचं लग्न झालं नाही. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, आणि त्यातच वय निघून गेलं. नन्स चालवत असलेल्या मुलींच्या शाळेत त्यांनी नोकरीचं सगळं आयुष्य इतिहास शिकवला. सिस्टर इमेल्दा तिथे बदलून आल्या तेव्हा दोघीही चाळिशीच्या आसपास होत्या. पहिल्याच आठवड्यात सिस्टर टीचर्स रूममध्ये काहीतरी शोधताना स्वतःशी पुटपुटल्या, “कुठे ठेवला गं बाई चष्मा.” राजसबाईंच्या हातातलं पेन थांबलं. ही भाषा त्यांनी घराबाहेर कधी ऐकलीच नव्हती. “तुम्हास मराठी येतं?” त्यांनी विचारलं. सिस्टर वळून बघतच राहिल्या आणि मग हसू लागल्या. असं मराठी आपल्या पणजीनंतर कोणी बोलल्याचं आपल्याला आठवत नाही, असं त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दुपारचा डबा दोघी एकत्र खात. सिस्टरांच्या गप्पा वसईच्या केळीच्या बागांवरून सुरू होत आणि कुठेही जात. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी बाप्तिस्मा दिला. पुढे मराठ्यांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज निघून गेले. मागे राहिलेल्या माणसांना प्रत्येक बाजूने दुसऱ्या बाजूचं मानलं. राजसबाईंचे पूर्वज त्याआधी मराठ्यांच्याच पाठोपाठ दक्षिणेत आलेले, तेही राज्य गेल्यावर मागे राहिलेले. “म्हणजे आपण दोघी उरलेल्या,” सिस्टर म्हणायच्या. इतिहास आठवायचा तो जुनं उट्टं काढायला नव्हे, विसरून टाकायलाही नव्हे, तर आपल्या लोकांच्या हातून काय झालं तेही धीराने बघायला, असं त्यांचं मत होतं. राजसबाई इतकी वर्षं तह आणि लढाया शिकवत होत्या. हे त्यांना नवीन होतं.

सिस्टर धर्माबद्दल थेट क्वचितच बोलत. श्रमाबद्दल मात्र खूप बोलत. काम करणाऱ्याचं काहीतरी त्या कामात उतरलेलं असतं, म्हणून त्याला नुसता हात समजणं हे पाप आहे, असं त्या शाळेच्या झाडूवालीच्या रजेवरून मुख्याध्यापिकेशी भांडताना म्हणाल्या होत्या. जे माणसाला स्वतः ठरवता येतं ते वरच्याने त्याच्यासाठी ठरवून टाकू नये, भलं करण्यासाठीसुद्धा नाही, हेही त्यांचंच. चर्चने हे सगळं लिहून ठेवलं आहे, आणि चर्चमध्येच ते फार थोडे वाचतात, असं म्हणून त्या उसासा टाकत.

संध्याकाळी देवासमोर बसून दिवस उलगडायची सवयही राजसबाईंनी त्यांच्याकडूनच घेतली. आज मी कुठे प्रेमाने वागले, कुठे पाठ फिरवली, एवढंच विचारायचं. सिस्टर ते चॅपेलमध्ये करत. राजसबाई घरी देवांपुढे दिवा लावून करत. कोणता देव, हा प्रश्न दोघींमध्ये कधी निघाला नाही.

निवृत्तीनंतर सिस्टरांना त्यांच्या नन्सच्या संघाच्या वृद्धाश्रमात, वसईजवळ, पाठवलं. दर रविवारी फोन व्हायचा. मग सिस्टरांना नावं आठवेनाशी झाली, मग फोन कोणी तरुण नन उचलू लागली. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. राजसबाईंना ते कळलं तेव्हा दफन होऊन बरेच दिवस उलटले होते. कळवायच्या माणसांत यांचं नाव कुठून असणार? त्या ना नातेवाईक, ना ख्रिस्ती. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही. संध्याकाळी नेहमीसारखा दिवा लावला आणि नुसत्याच बसून राहिल्या.

पुढची गोष्ट त्यानंतरची.

इमारतीचा वॉचमन एळुमलै साठी ओलांडलेला होता. जिन्याखालच्या खोलीत तो आणि त्याची बायको पच्चैयम्माळ राहत. आता फाटकाला फोनवरून उघडणारं कुलूप आणि कॅमेरे बसवायचं ठरत होतं, म्हणजे वॉचमनची गरज नव्हती. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या एळुमलैनेच नेहमीप्रमाणे मांडल्या आणि तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

सेक्रेटरी शेषाद्री बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी विषय मांडला. राजसबाई सभेत सहसा बोलत नसत. त्या दिवशी उभ्या राहिल्या. ज्याच्याविषयी आपण ठरवतो आहोत तो तिथे उभा आहे, त्याला इथे बोलावून त्याचंही ऐकायला हवं, असं त्या म्हणाल्या. माणूस काही जुना पंप नव्हे, की बदलला आणि झालं. बोलता बोलता त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. कोणीतरी मागून म्हणालं की हे चर्चमधलं प्रवचन इथे नको. दोघे-तिघे हसले. शेषाद्रींनी हसणाऱ्यांना थांबवलं, पण मतदानही उरकून घेतलं. विरोधात एकच हात होता.

सभा संपल्यावर एळुमलै खुर्च्या एकात एक घालत होता. राजसबाई त्याच्याजवळ गेल्या आणि आपण त्याची बाजू मांडली पण उपयोग झाला नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याने हात थांबवला नाही.

“माझ्याबद्दल बोललात, टीचर,” तो म्हणाला. “मला विचारलं नाहीत.”

त्याने आणखी एक खुर्ची चळतीवर घातली.

“त्यांनीही विचारलं नाही,” तो पुढे म्हणाला. “पण त्यांच्याकडून मी अपेक्षा धरली नव्हती.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं राजसबाईंना जिना चढताना वाटलं.

त्या संध्याकाळी दिवस उलगडायला त्या बसल्या आणि सकाळच्याच जागी अडकल्या. आपण प्रेमाने वागलो असं सकाळी वाटलं होतं. सभेत एकटं उभं राहण्यात एक प्रकारचा गोडवा होता, हेही त्यांनी स्वतःशी कबूल केलं. तो गोडवा एळुमलैच्या वाट्याला आला नव्हता, त्यांच्या वाट्याला आला होता. सिस्टर असत्या तर त्यांना फोनवर सांगता आलं असतं. सिस्टर रागावल्या नसत्या, थोडं थांबून “मग आता?” एवढंच म्हणाल्या असत्या. आता ते म्हणणारंही कोणी नव्हतं. भावाला फोन लावला, तर त्याची मुलगी नंदिताने उचलला. अत्तै, बाबा झोपलेत, काही अर्जंट आहे का, असं तिने इंग्रजीत विचारलं. नाही म्हणून राजसबाईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली गेल्या आणि एळुमलैला विचारलं, “तुम्हाला काय हवं आहे?”

त्याने आधी आपलं स्टूल पुसून त्यांना बसायला दिलं. मग रस्त्याकडे बघत सांगू लागला. नोकरी जाण्याचं त्याला फार नव्हतं. गुडघे दुखत होते, अरक्कोणमची मुलगी कधीची बोलावत होती. पण पच्चैयम्माळला वाटत होतं की याने काहीतरी केलं असणार, म्हणून काढलं. समोरच्या इस्त्रीवाल्यानेही कसलीशी चोरी झाली का असं विचारलं होतं. त्याला कारण ऐकायचं होतं, त्यांच्याच तोंडून, सगळ्यांसमोर.

“मीच विचारीन,” तो म्हणाला. “तुम्ही शेजारी बसा. पण काही बोलू नका.”

शेषाद्रींना पटवायला राजसबाईंना दोनदा त्यांच्या दारात जावं लागलं. विषय संपला आहे, असं ते म्हणत होते. विषय बदलायचा नाही, एक प्रश्न विचारायचा आहे, असं त्या म्हणत होत्या. शेवटी ते हो म्हणाले. कॅमेरे कुठे लावायचे हे ठरवायला पुढच्या रविवारी सगळे जमणारच होते.

त्या रविवारी एळुमलैने खुर्च्या मांडल्या, पण यावेळी एक जास्त मांडली. युनिफॉर्म काढून ठेवून तो पांढरा, इस्त्री केलेला शर्ट घालून आला आणि त्या खुर्चीत बसला. राजसबाई शेजारी बसल्या. लोकांची थोडी चुळबुळ झाली. कोणी फोनकडे बघू लागलं. कॅमेऱ्यांचं बोलणं संपल्यावर शेषाद्रींनी त्याच्याकडे बघून मान हलवली.

तो उभा राहिला. “माझ्याकडून काही चूक झाली का?” त्याने विचारलं. “झाली असेल तर इथेच सांगा. झाली नसेल तर तेही सांगा.”

कोणी बोललं नाही. ती शांतता लांबत गेली तशी राजसबाईंच्या ओठांवर वाक्यं येऊ लागली, चांगली, नीट बांधलेली वाक्यं. त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली. आयुष्यभर वर्गात बोलण्याची सवय. गप्प बसणं इतकं अंगावर येतं हे त्यांना माहीत नव्हतं. एळुमलै हात बांधून उभाच होता. त्याला घाई नव्हती.

“नाही,” शेषाद्री म्हणाले. “तुमची काही चूक नाही.”

“हे माझ्या बायकोसमोर सांगाल?”

पच्चैयम्माळ जिन्याच्या आडोशाला उभी होती. ती पदर सावरत पुढे आली. शेषाद्री बसल्या जागेवरून बोलणार होते, पण तिला समोर बघून उठून उभे राहिले. तुमच्या नवऱ्याने इथे प्रामाणिकपणे काम केलं, आम्ही यंत्र बसवतो आहोत म्हणून त्यांना जावं लागतं आहे, त्यांचा काही दोष नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि खोलीत निघून गेली. एळुमलैने हात जोडले आणि तो फाटकाकडे गेला. खुर्च्या तशाच राहिल्या. शेवटी राजसबाई आणि तिसऱ्या मजल्यावरची नित्या, दोघींनी मिळून त्या आवरल्या.

नोकरी गेलीच. महिना संपायच्या आत नवराबायको निघाले. राजसबाई मांबलम स्टेशनपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेल्या. एक पिशवी त्यांनी मागून घेतली. गाडी येईपर्यंत पच्चैयम्माळ अरक्कोणमच्या नातवंडांबद्दल बोलत होती. एळुमलै फक्त “जाऊन येतो, टीचर” म्हणाला. परत येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

मधल्या काळात इमारतीतून कोणीतरी रघुरामला फोन करून बहिणीची तक्रार केली होती. तो मुद्दाम भेटायला आला. कॉफी पिऊन झाल्यावर त्याने खाली बघत विचारलं, “अक्का, खरं सांग. तू त्यांच्यात गेलीस का?”

“गेले नाही, रघु.”

“लोक मजला विचारतात.”

“जेथून शिकले ते लपवूं का मग?”

रघुरामने कप बाजूला ठेवला. त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि राजसबाईंनाही आपलं उत्तर पुरं वाटलं नाही. शाळेतली एक तरुण सिस्टर मागे एकदा त्यांना म्हणाली होती की तुम्ही मनाने आमच्याच आहात, मग बाप्तिस्मा कशासाठी थांबवला आहे. तेव्हाही त्यांना नीट सांगता आलं नव्हतं. सणावाराला नातेवाईक त्यांना बोलावतात, पण पूजेच्या वेळी जरा जपून बोलतात. चर्चमध्ये त्या कधीमधी दुपारी, कोणी नसताना, मागच्या बाकावर जाऊन बसतात. मिस्साच्या प्रार्थनेची वेळ झाली की उठून येतात. घरच्या माणसांत त्या थोड्या बाहेरच्या आहेत, आणि चर्चमध्येही. इमेल्दा होती तेव्हा हे जाणवलं नव्हतं, कारण तेव्हा बाहेर दोघी होत्या.

फाटकाला आता कुलूप आहे. ते लहानसा आवाज करून उघडतं. जिन्याखालच्या खोलीत जुन्या सायकली ठेवल्या आहेत. राजसबाईंशी लोक कामापुरतं बोलतात.

फेब्रुवारीत एका दुपारी बेल वाजली. दारात शेषाद्री होते. आत या म्हटल्यावर आले, पण खुर्चीच्या टोकावर बसले. राजसबाईंनी कॉफी केली. त्यांनी ती निम्मी प्यायली आणि मग सांगितलं की बँकेत असताना त्यांनी बऱ्याच माणसांना घरी पाठवलं होतं. मशीन आली, शाखा बंद झाल्या, कागद यायचे आणि हे सही करायचे.

“चूक झाली का, असं मला कोणी विचारलं नाही,” ते म्हणाले. “विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा विचार करतो हल्ली.”

राजसबाईंना वाटलं, आता काहीतरी म्हणायला हवं. पण त्यांनी ते म्हटलं नाही. बसून राहिल्या. बाहेर फाटकाचा आवाज झाला, कोणीतरी आत आलं, लिफ्ट वर गेली. शेषाद्रींनी कॉफी संपवली, टंबलर स्वतः उचलून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेऊन दिला आणि निघाले.

त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. जिन्यात भेटले की थांबतात, तब्येत विचारतात आणि पुढे जातात. राजसबाई त्यांना जायला वाट करून देतात आणि कठड्याला धरून हळूहळू वर चढतात.