आत घातलेला सुमाक

शनिवारी सकाळी सनोबरने साज, म्हणजे आपला खोलगट लोखंडी तवा, अंगणात काढून अंजिराखालच्या चुलीवर पालथा घातला, तशी शेजारची बिलकीस कुंपणावरून ओरडली, "आज कुणाचं लग्न गं?"

"लग्न कसलं? नातीला जेवू घालायचंय."

"एवढ्याशा पोरीसाठी एवढा मोठा साज? अख्खा उंट चारणार आहेस की काय तिला?"

"तू ये, म्हणजे तुलाही चारते. तोंड तरी बंद राहील."

बिलकीस अर्थातच आली. बाकूजवळच्या बुझोवना गावातल्या बायकांना सनोबरच्या कुताबचं आमंत्रण दुसऱ्यांदा द्यावं लागत नाही. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराखाली बसून, सनोबरने केस पिकेपर्यंत कुताब विकले होते. कागदासारखी पातळ लाटलेली पोळी, अर्ध्या भागावर खिम्याचा थर, करंजीसारखी घडी, कोरड्या साजावर दोन पलट्या, वर लोण्याचा हात आणि लाल आंबट सुमाकची चिमूट. बाकूहून पोहायला आलेली माणसं ओल्या केसांनी तिच्यापुढे रांग लावत. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा तिने तो धंदा बंद केला. हाताने मात्र साथ सोडली नव्हती.

आज त्या हाताची खरी परीक्षा होती. सून आयबनिज सोमवारपासून दुकानात गल्ल्यावर परत रुजू होणार होती आणि मुलगा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला होता. दोन वर्षांची आयसू दुधात बुडवलेल्या पावाशिवाय कशालाही तोंड लावत नव्हती. मांस गालात धरून ठेवायची आणि कुणी बघत नाहीसं पाहून सोफ्यामागे थुंकायची. भाजी तर दिसली की ओठ शिवल्यासारखे. आयबनिजची आई दूरच्या शेकी शहराहून रोज फोन करायची, "इकडे पाठव पोरीला. माझ्याकडे बरोबर खाईल." शेवटी आयबनिजने सांगून टाकलं होतं, "आई, उद्या माझी आई येतेय. आज आयसूने तुमच्या हातचं काही खाल्लं तर ती इथेच राहील. नाहीतर तिच्याबरोबर शेकीला जाईल. मला कामावर जीवाला घोर नको."

सनोबर भांडली नाही. बाजारात जाऊन मेंढीच्या खांद्याचं मांस घेऊन आली.

खिमा दोनदा काढला, नस राहायला नको. कांदा किसून पिळून घेतला. लाल भोपळा वाफवून घोटला, पालक इतका बारीक चिरला की नुसता हिरवा रंग उरावा. मिरी नाही, मीठ नावापुरतं. कणीक नेहमीपेक्षा सैल मळली, म्हणजे कडा कडक होणार नाहीत. मोठ्यांचे कुताब ती ताटलीने कापायची, आयसूचे चहाच्या बशीने कापले.

"बशीएवढा कुताब!" बिलकीस हसली. "बाहुलीचं लग्न मांडलंयस."

पहिला कुताब उतरला. सनोबरने तो फडक्याखाली मऊ होऊ दिला, पट्ट्या कापल्या, फुंकून निववल्या. आयसूने एक पट्टी उचलली, उलटसुलट पाहिली आणि पायाशी बसलेल्या मांजरीला दिली. मांजरीने कौतुकाने खाल्ली.

"बघा," आयबनिज म्हणाली.

"मांजर राहील इथे," बिलकीस म्हणाली.

"गप गं!" सनोबरचे कान लाल झाले. तिने घाईघाईने दुसरा भाजला, लोणी फिरवलं आणि आयसूपुढे सरकवला. सरकवल्यावर तिला दिसलं की आपण वर सुमाकही भुरभुरलाय. लोण्यामागून सुमाक, ही हाताची इतक्या वर्षांची चाल. डोक्याला विचारायची पद्धतच नव्हती.

"आई! आंबट आहे ते! आता तर हातही लावणार नाही!"

सनोबरने कुताब ओढून घ्यायला हात पुढे केला, पण आयसूचं बोट आधी पोचलं. लाल बोट तोंडात गेलं. डोळे मिटले, नाक आक्रसलं, सगळं अंग शहारलं. मग बोट पुन्हा कुताबवर. मग जीभच. सगळा सुमाक चाटून तिने स्वच्छ कुताब आजीच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "अजून."

बिलकीस पोट धरून हसायला लागली. "धुऊन दिलान गं तुला!"

आयबनिजलाही हसू आलं, पण तिने ते गिळलं. "चाटणं म्हणजे खाणं नव्हे, आई."

सनोबर ऐकतच नव्हती. तिच्या डोक्यात काहीतरी पेटलं होतं. तिने सुमाकचा डबा ओढला आणि चिमूट उचलून सरळ सारणात टाकली.

बिलकीसचं हसू जागीच थांबलं. "सनोबर! आत? सुमाक आत?"

"आत."

"वेड लागलंय तुला. वरून घालायचा असतो तो! तुझ्या सासूने पाहिलं असतं तर लाटण्याने हाणलं असतं. सारणाला पाणी सुटेल, पोळी फाटेल!"

"फाटायच्या आत भाजते. तू जाळ वाढव, बडबड पुरे!"

आणि बिलकीसने खरंच जाळ वाढवला. सनोबरचं लाटणं असं फिरू लागलं की आयबनिजही न सांगता पुढे येऊन कडा दाबायला बसली. पोळी ओली व्हायच्या आत साजावर पडली, फुगली, उलटली. एका कोपऱ्यातून रस सुटून साजावर चर्र झाला.

"फाटली!" बिलकीस ओरडली.

"कोपराच गेलाय!" सनोबर तिच्याहून मोठ्याने ओरडली आणि बोटं भाजून घेत कुताब उतरवला.

आयसूने वरून चाटलं. नुसतं लोणी. दुसऱ्या बाजूने चाटलं. तिथेही काही नाही. फसवलं गेल्यासारखी तिने आजीकडे पाहिलं. सनोबरने फाटलेला कोपरा बोटाने उघडून दाखवला. आत लाल ठिपके होते. आयसूने वास घेतला आणि त्या जागी दात रोवले.

पोरीने चावलं, शहारली, गिळलं. गालात काही धरलंय का हे पाहायला आयबनिज वाकली, तर आयसूने तोंड उघडून दाखवलं, रिकामं, आणि पुन्हा चावा घेतला. मांस, भोपळा, पालक, सगळं आंबटाच्या मागे मागे आत चाललं होतं.

"खातेय! अगं, खातेय!" आयबनिज उठली ती फोन घेऊनच. "आई? तू उद्या ये, जरूर ये, पण पाहुणी म्हणून. आयसू इथेच राहतेय... हो, मांस. हो, भाजीसुद्धा! कुताब. सुमाक आत घालून."

पलीकडून अंगणभर ऐकू जाईल असा आवाज आला, "आत? असं कुठे करतात?"

"आमच्याकडे!" सनोबर साजापासूनच ओरडली, आणि पुढची पोळी लाटायला घेतली.