वळणावर बसणारा कुत्रा

तो कुत्रा आमचा नव्हताच. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या हिवाळ्यात मी ते निदान शंभर वेळा सांगितलं आणि कुणी ऐकून घेतलं नाही. नवऱ्याच्या कंपनीतलं एक मराठी कुटुंब मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयहून टेक्सासला निघालं होतं. त्यांच्याकडे हा निळ्या डोळ्यांचा, जाड केसांचा, बर्फात गाडी ओढणाऱ्या जातीचा कुत्रा होता. निघायच्या आदल्या आठवड्यात दोघं आमच्याकडे जेवायला आली आणि मी श्रीखंड वाढत असताना बाई म्हणाली, "वहिनी, दोनच महिने ठेवाल का? तिकडे सेटल झालो की लगेच घेऊन जातो."

तोंडावर नाही म्हणणं आम्हा दोघांनाही आयुष्यात जमलेलं नाही. भिडेपोटी हो म्हणालो. दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, त्यात कुत्र्याला पापा असायचा, न्यायचं नाव नसायचं.

मुलगा त्याच सुमारास दुसऱ्या राज्यात कॉलेजला गेला. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून चारला घरी यायचे तेव्हा दारात हा उभा असायचा. त्याचं इंग्रजी नाव काही माझ्या तोंडी बसलं नाही. मी नुसतं 'अरे' म्हणायचे आणि तो यायचा. मराठीत बोललेलं सगळं ऐकून घेणारा आणि इंग्रजीत उलट उत्तर न देणारा असा घरात तो एकटाच उरला होता.

ओढायचा मात्र भयंकर. फिरायला नेलं की आपण त्याला नेतोय असं कधी वाटायचंच नाही. जानेवारीत एका सकाळी ड्राइव्हवेवर त्याला खार दिसली आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माझा नवरा होता. तो गुळगुळीत बर्फावरून मेलबॉक्सपर्यंत गेला आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडून बसला. नवरा गाड्यांची डिझाइनं काढणारा इंजिनियर. उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणजे सगळं कामच बंद. त्याने कुणाकडून तरी उत्तरेकडच्या एका शेताचा फोन नंबर आणला आणि फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला. त्या शेतावर कुत्री बाहेर साखळीला बांधलेली असतात, एवढं मला कळलं होतं.

"बर्फ वितळेपर्यंत बघतो," तो म्हणाला. "तोपर्यंत हा सुधारला तर राहील. नाहीतर आय ॲम कॉलिंग देम."

त्याची चूक होती असं मला म्हणता येईना, हात त्याचा मोडला होता. पण चारला दार उघडल्यावर समोर कुणीच नाही, हे मला नको होतं.

कुत्र्यांच्या डॉक्टरने सांगितलं, ज्याला ओढायचंच आहे त्याला ओढायला द्या. आमच्या भागात कुत्र्यांच्या गाड्या पळवणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब होता आणि त्यांच्यातले काही जण स्कीजोरिंग करायचे. म्हणजे माणसाने पायात लांब स्की घालायच्या, कमरेला रुंद पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोरी, दोरीच्या पुढे कुत्रा, आणि कुत्र्याने माणसाला बर्फावरून ओढत न्यायचं. हातात लगाम वगैरे काही नाही. मागून नुसतं ओरडायचं. 'हाइक' म्हणजे पळ, 'व्हो' म्हणजे थांब. मी स्की फक्त टीव्हीवर पाहिलेल्या, चाळिशी उलटलेली, पाच फुटांची बाई. पहिले दोन रविवार कुत्र्याशिवाय नुसती पडत होते.

तिथे शिकवायला एक साठीची, उंचच उंच बाई होती, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेली. तिने नियम सांगितले. रविवारी सकाळी कुत्र्याच्या पोटात काहीही जाता कामा नये. आदल्या संध्याकाळी जेवण, मग थेट पळून झाल्यावर. भरल्या पोटी पळाला तर जड होतो, कधी पोटाला पीळ पडून जीवावर बेततं. आणि सीझन संपायच्या आत कुत्र्याने जंगलातली एक मैलाची फेरी मध्ये न बसता पूर्ण केली तर पुढच्या हिवाळ्यापासून क्लब त्याला घेतो. मी घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. क्लबने घेतला तर राहील, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. उपाशी ठेवायचा हेही बजावलं. तो पेपरमधून मान वर न काढता "हं" म्हणाला.

कुत्र्याला घेऊन गेले त्या पहिल्या रविवारी दोरी लावली, 'हाइक' म्हटलं, आणि तो असा सुटला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. थंडीने आलं की आनंदाने, ते सांगता येणार नाही. दोनशे पावलं आम्ही उडत गेलो. मग तो दुडक्या चालीवर आला, मग चालायला लागला, आणि पाइनच्या झाडांपाशी जिथे वाट उजवीकडे वळते तिथे खाली बसला. बसला तो बसलाच. मी 'हाइक' म्हटलं, 'चल रे' म्हटलं, 'ऊठ मेल्या' म्हटलं. बाकीचे कुत्रे आपापली माणसं घेऊन बाजूने निघून गेले. एका माणसाने जाता जाता हॅट उचलून मला 'मॉर्निंग' केलं. शेवटी मी स्की काढून खांद्यावर घेतल्या आणि त्याला चालवत परत आणलं.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारीही तेच. तेच वळण, तीच झाडं.

शिकवणाऱ्या बाईने हर तऱ्हा करून पाहिली. दोरी लांब केली. कुत्र्याच्या छातीभोवती बांधायचं हार्नेस बदललं, मी नवीन विकत घेतलं. वळणावरच्या कसल्या तरी वासाला तो घाबरतो म्हणून दुसऱ्या बाजूने फेरी सुरू केली, तर तितक्याच अंतरावर तो दुसऱ्या झाडाखाली बसला. मग ती मला म्हणाली की तुझ्या आवाजात आनंद नाही, कुत्र्याला तो ऐकू यायला हवा. ह्याचा मला फार राग आला. रविवारची झोप मोडून, गोठलेल्या बोटांनी, भाड्याच्या स्कींवर, सगळ्यांच्या देखत पडून वर आवाजात आनंदही मीच आणायचा. तरी आठवडाभर रोज संध्याकाळी गॅरेजचं दार लावून मी आनंदाने 'हाइक' म्हणायची प्रॅक्टिस केली. एकदा दार उघडलं तर समोर शेजारीण उभी. तिने विचारलं, सगळं ठीक आहे ना?

घरी आले की नवरा विचारायचा, "पळाला?"

"बसला."

"हं," म्हणून तो फ्रिजकडे बघायचा. मला वाटायचं तो त्या नंबराकडे बघतोय. त्या दिवसांत घरात एकच गोष्ट बरी चालली होती. रविवारी परत आल्यावर ओटा स्वच्छ पुसलेला असायचा आणि शनिवारचा उरलेला भात संपलेला असायचा. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःचा चहा केला नाही, त्याला हात मोडल्यावर का होईना शहाणपण आलं, असं मी मनाशी म्हणायचे.

पाचव्या रविवारी कुत्रा वळणावर बसला नाही. त्याच्या थोडं अलीकडे थांबला, पाठ वाकवली आणि पांढऱ्याशुभ्र बर्फावर ओकला. शिकवणारी बाई धावत आली, वाकून बघितलं आणि तिचा चेहरा पडला. त्यात पांढरं, बारीक, लांबट असं पुष्कळ काही होतं. ती म्हणाली, ह्याच्या पोटात जंत आहेत, आणि इतके मी जन्मात पाहिले नाहीत. भोवती चार-पाच जण जमले. मीही वाकले. मला पांढऱ्यात काळे ठिपके दिसले. मोहरी होती. फोडणीची.

"इट इज राइस," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. काय करायचं ह्या बाईचं, असं काहीतरी होतं, आणि त्यापेक्षा राग परवडला असता. तिने शांतपणे पुन्हा विचारलं, सकाळी खायला घालायचं नाही हे तुला समजलं होतं ना? मी समजलं होतं म्हणाले. मी घातलं नाही, असंही म्हणाले. दोन्ही एकदम खरं असू शकतं ह्यावर तिथे कुणाचा विश्वास बसेना, आणि बसावा तरी का. गाडी चालवत घरी येईपर्यंत मी रडले. एक शेवटचा रविवार देते, ती म्हणाली होती, बर्फ टिकला तर.

घरी नवरा ओटा पुसत होता.

"ह्याला भात कुणी घातला?"

तो फडकं पिळत राहिला. एका हाताने पिळता येत नव्हतं, तरी पिळत राहिला.

"थोडासाच घालतो. दहीभात. तू बाहेर गाडीवरचा बर्फ खरवडतेस ना, तेवढ्यात."

"दर रविवारी?"

"अगं, कामाला निघालाय तो. असा रिकाम्या पोटी कसा पाठवायचा? परीक्षेला जाताना आई आम्हाला दहीभात घालायची. बाहेर पडताना हातावर दही द्यायची."

"आणि फोडणी?"

"नुसता खात नाही तो."

मी खुर्चीवर बसले. पाच रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. दोरी, नवीन हार्नेस, गॅरेजमधला आनंद.

"तुम्हाला तर तो नको होता ना?" मी म्हणाले. "नंबर तुम्हीच लावलात ना फ्रिजवर?"

"नकोच आहे," तो म्हणाला. "पण परीक्षा त्याची होती. आपण आपलं करायचं. पास व्हावा असं वाटत होतं."

मला इतका संताप आला की भलतेच शब्द फुटले.

"मी ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा गेले. लॅबच्या इंटरव्ह्यूला गेले, बर्फात, बस बदलून. हे पाच रविवार नुसता चहा पिऊन जातेय. माझ्या हातावर ठेवलंत कधी दही?"

"तू कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"कुत्र्याने सांगितलं होतं?"

पुढचा आठवडा आम्ही भाजी काय करायची एवढंच बोललो. गुरुवारी पाऊस पडला, अंगणातला बर्फ काळा पडून खचला, आणि मी मनातून सगळं सोडून दिलं. शनिवारी पुन्हा बर्फ पडला. रविवारी सकाळी मी कुत्र्याला आधीच गाडीत घातलं, दार लावलं आणि काच खरवडायला लागले. नवरा बाहेर आला. स्वेटरवर काही नाही, पायात सपाता. डाव्या हातात चमचा आडवा होऊ नये म्हणून त्याच्यावर नजर ठेवून तो त्याच ड्राइव्हवेवरून पाऊल पाऊल टाकत आला, जिथे दोन महिन्यांपूर्वी आपटला होता.

"हात पुढे कर," तो म्हणाला.

मी अजून रागात होते. पण तो त्या बर्फावर उभा होता म्हणून मी हातमोजा काढला. त्याने तळहातावर दही ठेवलं. साखर घालायला विसरला होता. दही चांगलंच आंबट होतं. मी ते खाल्लं, हातमोजा घातला आणि गाडी काढली. कुत्रा काचेला नाक लावून बघत होता.

तो वळणावर बसला नाही. वळणाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. इतके रविवार जिथे माझी फेरी संपत होती, तिथून पुढे काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे उतार होता. मी तीनदा पडले, तिसऱ्यांदा त्याने मला पोटावर बरंच अंतर ओढलं, आणि मी 'व्हो' म्हणाले नाही कारण 'व्हो' म्हटलं तर तो बसेल ही भीती. शेवटची खूण ओलांडल्यावर तो स्वतःच थांबला, मागे आला आणि माझ्या उजव्या हातमोज्याला चिकटला. मी मोजा काढला तर तळहात चाटायला लागला. मला क्षणभर भरून आलं. मग लक्षात आलं की तो दही शोधत होता.

शिकवणाऱ्या बाईने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात भेटू. माझ्या आवाजाबद्दल काही म्हणाली नाही.

घरी आले तेव्हा माझी पँट गुडघ्यावर फाटलेली होती. नवऱ्याने आधी कुत्र्याकडे बघितलं, मग गुडघ्याकडे.

"पळाला?"

"पळाला."

"दमला असेल," म्हणून त्याने कुत्र्याचं भांडं भरायला घेतलं. फोडणीचा वास येत होता. मी घसा खाकरला. तो मागे वळून न बघताच म्हणाला, "साखर राहिली ना?"

"राहिली."

मी पाणी प्यायला फ्रिजपाशी गेले. शेतावरच्या नंबराचा कागद त्याच मॅग्नेटखाली होता, पण उलटा करून लावलेला. त्याच्या कोऱ्या बाजूवर डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: दही, मोठा डबा. साखर. गाडीची किल्ली अजून माझ्याच हातात होती आणि दुकानात अर्थातच मलाच जायचं होतं.