हट्टीला तुर्कीत काय म्हणतात

मराठीतून थेट तुर्कीत नेणारा शब्दकोश काही माझ्या ताईला मिळाला नाही, म्हणून तिने इंग्रजीवरून वळसा घालायचं ठरवलं. आधी मनातला मराठी शब्द, मग त्याचं इंग्रजी विशेषण, आणि मग मोबाइलवर त्या विशेषणाचा तुर्की अर्थ आणि उपयोग. साठी ओलांडलेली, डोंबिवलीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेली बाई. मी म्हटलं, "अगं, तुझा मुलगा आहे ना भाषांतर करायला?" तर माझ्यावरच उखडली.

"तो कसा आहे हे मी त्याच्याच तोंडून सांगू? लाजून निम्मं गिळून टाकेल."

भाचा नोकरीसाठी इस्तंबूलला होता, तिथल्याच एका मुलीशी त्याचं जमलं. आता तो ठाण्यात नोकरी धरून परत आला होता. लग्न झालं तर मुलगी डोंबिवलीत राहायला येणार. तिला वडील नाहीत, आई एकटी. त्या बाईंनी अजून होकार दिला नव्हता. आधी घर बघते, माणसं बघते, मग काय ते सांगते, म्हणाल्या होत्या. आणि आईचं मन मोडून मी येणार नाही, असं मुलीनेही स्वच्छ सांगून ठेवलेलं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मुलाबद्दल त्यांना तुर्कीतच सांगायला हवं होतं. मायलेकी येणार म्हटल्यावर ताईची झोपच उडाली.

मी ठाण्यात टेंभी नाक्याला राहते. रोज दुपारी ताईचा फोन यायचा, आणि आज कुठलं विशेषण हाती लागलं ते मला ऐकावं लागायचं. नुसता अर्थ कळून तिचं समाधान होत नसे. तो शब्द माणसाला लावतात की भाजीला, कौतुकाने म्हणतात की टोमणा मारताना, हे बघायला ती तुर्की मालिका लावून बसायची. तरीही शंका उरली तर थेट होणाऱ्या सुनेलाच विचारायची. मला स्वतःला तीन भाषा येतात आणि तिन्ही मी सवयीने वापरते, इतक्या जिवापाड मी एकही शिकलेली नाही. मला तिचं फार कौतुक वाटायचं. तोंडावर मात्र मी तिला चिडवतच राहिले.

शेवटी तिने एक शब्द पक्का केला: साबर्ली. म्हणजे सबुरी असलेला, सोशिक. त्यालाही कारण होतं. त्यांच्याकडे मुलीला मागणी घालायच्या दिवशी मुलगी सगळ्यांना कॉफी करते आणि मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालते. त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायची, म्हणजे त्याची सहनशक्ती कळते. तो रिवाज ताईच्याच घरी होणार होता. मुलाने कॉफी संपवली की लगेच आपण साबर्ली म्हणायचं, असा तिचा बेत.

त्या दिवशी मुलीने येताना आणलेल्या तांब्याच्या भांड्यात कॉफी केली. भाच्याने कप उचलला आणि मुकाट्याने शेवटपर्यंत प्यायला. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा जागचा हलला नाही. मुलीच्या आईने हे नीट पाहिलं आणि ताईकडे वळून काहीतरी विचारलं.

"आई, मी कसा आहे म्हणून विचारतायत," भाचा म्हणाला.

मी ताईकडे बघून मान हलवली. ताईने तोंड उघडलं, मुलाकडे पाहिलं आणि अडखळली. आपल्याकडे पाहुण्यांसमोर स्वतःच्या पोराचं कौतुक करायची कुणाला सवय असते? "कसला हुशार, नुसता धांदरट आहे," असंच ऐकत आणि म्हणत आपण म्हातारे होतो. ताई म्हणाली, "चोक इनातची."

फार हट्टी. मला तो शब्द माहीत होता, फोनवर मीच ऐकला होता. भाचा लाल झाला, मुलगी आईकडे बघत राहिली. इतक्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं म्हणून मला ताईचा असा राग आला की मी तिला टेबलाखालून चिमटा काढला.

बाईंनी कप खाली ठेवला. आपल्या मुलीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "बेनिमकी दे." माझीही. मग ताईचा हात धरून बरंच काही बोलल्या. मुलगी आम्हाला इंग्रजीत सांगायला लागली. आई म्हणते, त्याची स्वतःची आईच त्याला हट्टी म्हणतेय तर तो खरंच असणार. बरं आहे. हट्टी माणूस माझ्या मुलीला परदेशात अर्ध्यावर सोडून देणार नाही.

तोच होकार होता. ताई पदराने डोळे पुसत आत गेली. मीही मागोमाग गेले आणि कप विसळता विसळता म्हटलं, "एवढा पाठ केलेला साबर्ली फुकट गेला की गं तुझा."

"फुकट कसा जाईल?" ताई म्हणाली. "सुनेला म्हणेन. ह्याच्याबरोबर जन्म काढायचा तर तिलाच लागणार आहे सबुरी."