तात्यांच्या हातात पहार

भिंत गप उभी असलेली ज्याला बघवत नाही, असा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच आहे आणि दुर्दैवानं तो आमच्या घरात आहे. माझे थोरले चुलते. आमचं सगळं निरवांगी गाव त्यांना तात्या म्हणतं. घरच्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल असं लिहावं की नाही, मला नीट कळत नाही. पण राग खरा आहे, म्हणून लिहितो.

तात्या बारामती एमआयडीसीत कामाला आहेत. सकाळी मोटारसायकलवर मोकळे जातात आणि संध्याकाळी भंगारातली एखादी खिडकी मागं बांधून येतात. खिडकी आली की तिच्यासाठी भिंत फोडणं आलं. न्हाणीच्या दाराची बिजागरी निसटली, तर त्यांनी ते दारच बुजवून दुसऱ्या बाजूनं काढलं. तेव्हापासून आमच्या पाहुण्यांना टॉवेल गुंडाळून चुलीपुढून जावं लागतं. दहावीत मी दप्तर अडकवायला एक खिळा ठोकून मागितला होता. तात्यांनी भिंत वाजवून पाहिली. “खिळ्यानं काय हुतंय? कोनाडाच करू.” कोनाडा थेट गोठ्यात निघाला. वर्षभर मी भूगोल वाचायचो आणि म्हैस त्या भोकातून तोंड घालून रवंथ करत ऐकायची. तक्रार केली तर म्हणाले, “वारं येतंय का न्हाय? मग!”

हे सगळं हसून सोडलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला यायची होती आणि तिच्या खोलीला ओल धरली होती. आईचं म्हणणं एवढंच, की खराब गिलावा काढून नवा लावावा आणि चुना मारावा. मोठ्या दिरांशी ती थेट बोलत नाही. भाकरी थापता थापता मला म्हणाली, “त्यास्नी सांग, फकस्त गिलावा. भिताडाला हात लावू नगा म्हणावं.” तात्या समोरच जेवत होते. तेही मलाच म्हणाले, “सांग तिला, काळजी करू नगं.”

दुसऱ्या दिवशी मी बारामतीहून कॉलेज करून आलो, तर खोलीला पुढची भिंतच नव्हती. थंडी पडलेली, ताई पुढच्या आठवड्यात येणार, आणि तात्या विटांच्या ढिगावर बसून चहा पीत होते.

मी आजवर मोठ्यांपुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. “तात्या, दुरुस्ती वेगळी आणि फेरबदल वेगळा! दुरुस्ती म्हणजे आहे ते नीट करायचं. फेरबदल म्हणजे आहे ते मोडून वेगळं करायचं. आम्ही दुरुस्ती मागितली होती!”

“लई शिकलास की,” तात्या म्हणाले. “आजारी माणसाला नवं धोतर नेसवायचं, ही तुमची दुरुस्ती व्हय?”

“ताईला फोन करतो मी. सासरीच राहा म्हणतो. इथं तिला घरच नाही.”

तात्यांनी चहाचा कप विटांवर ठेवला. म्हणाले, “आमी मेंढरांमागं वाढलो, बाबा. दर मुक्कामाला आई आधी वारं बघायची, मग पाल ठोकायची. ह्या दारातनं वारं सरळ खाटंवर येतंय. म्हणून दार बाजूला घेतुय.”

“मग हे आधी सांगता येत नव्हतं?” मी ओरडलोच. कारण कळलं म्हणून राग जातो असं नाही. भिंत नव्हतीच ना!

तात्यांनी रजा टाकून भिंत परत बांधायला घेतली. मी रागारागानं माल कालवून देत राहिलो. ताई आली तेव्हा गिलावा ओलाच होता. तिला बरेच दिवस स्वयंपाकघरात झोपावं लागलं आणि तेवढे दिवस आई माझ्यामार्फतसुद्धा तात्यांशी बोलली नाही. खोली वाळली, मग बाळ झालं. बाळाला वारं लागलं नाही, हे मला मान्य करावं लागतं.

ताई बाळाला घेऊन सासरी गेली, त्या संध्याकाळी तात्या त्या रिकाम्या खोलीत उभे होते. हात भिंतीवर. मी दारातूनच डाफरलो, “आता काय पाडायचंय?”

त्यांनी हात काढून घेतला. “न्हाय रं. हाय तशी ऱ्हाऊ दे. पोरगी परत यील तवा तिला आपली खोली वळखू याया पायजे.”

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मोटारसायकलही त्या दिवशी मोकळीच आली होती, आणि मला सारखं वाटत राहिलं, यांनी निदान एका खिडकीपुरती तरी भिंत फोडावी.